चारशे दारांचं कॅथेड्रल

फादर ज्योएल वेदीजवळ हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि तरीही प्रवचन चांगलं रंगात आलं होतं.

आंबोळ्याच्या चर्चमध्ये गेलं वर्षभर दर रविवारी असंच चाललं होतं. शुभवर्तमान वाचून झालं की फादर गप्प राहायचे आणि पुढची आठ मिनिटं चारशे माणसं चारशे प्रवचनं ऐकायची. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर पास्कूमामा गालातल्या गालात हसत होते. त्यांच्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मागून कोणीतरी "खरंय, खरंय" असं पुटपुटलं आणि नेमकं त्याच वेळी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं नाही नाही अशी मान हलवली. बाहेरगावचा माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, या गावाला एकदम काहीतरी झालं.

जसिंता मच्याडोच्या कानात आवाज सांगत होता, "जसिंता, या आठवड्यात तू इवाच्या शाळेत चार वेळा फोन केलास. चारही वेळा ती मजेत होती. थोडं सोडून द्यायला शीक." आवाज फादरांचाच, पण जरा मऊ केलेला, साय धरलेल्या दुधासारखा.

जसिंताचं लक्ष होतं शेजारी. साडेचार वर्षांची इवा बाकावर पाय हलवत बसली होती. ती अगदी गंभीरपणे मान डोलवायची, मग समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून हसायची. शाळेत नवी मैत्रीण मिळाल्यावर ती अशी हसायची. जसिंता हळूच झुकली आणि तिनं आपला कान लेकीच्या कानाला लावला.

"आता तू मुलीकडे झुकली आहेस," आवाज म्हणाला. "तिचा वेळ तिला दे, जसिंता."

चोरी पकडली गेल्यासारखी ती ताठ बसली.

मिस्सा संपल्यावर आवारात तिनं विचारलं, "काय सांगितलं गं तुला?"

"ते माझं आहे," इवा म्हणाली.

"मम्मीला सांगायचं असतं."

"तुला तुझं मिळतं ना?" असं म्हणून इवा चपला वाजवत आजीकडे पळाली.

जसिंता तशी जागरूक बाई. लसीबरोबरचा बारीक अक्षरातला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, खेळण्याची बॅटरी कुठे बनली ते बघणारी. आपल्या लेकीच्या कानात कोण काय घालतं हे आपल्याला कळू नये, आणि तेही कानाला कान लावून, हे तिच्या घशाखाली उतरेना.

घरामागच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात टाकली होती. जसिंताची सासू दुलसीन पाटावर बसून एकेक केळं परतत होती. सुकेळी करण्यात तिचा हात धरणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं. जसिंताचा नवरा सावियो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि रविवारी माश्या हाकलायचं काम त्याच्याकडे असायचं.

"अरे, मी कान लावला तिच्या कानाला," जसिंता म्हणाली. "तरी मला माझंच ऐकू आलं!"

"येणारच. त्याचं नावच कानगोष्ट." सावियोनं हातातला झावळीचा झाडू वर धरला. "हे बघ, साधा आवाज दिव्यासारखा असतो, लावला की खोलीभर पसरतो. पण वटवाघळांना ऐकू येतो ना, तसला फार उंच पट्टीतला आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आपल्याला तो ऐकूच येत नाही. कानगोष्टवाले अशा मुक्या झोतावर बोलणं स्वार करतात. झोत इतका जोरकस असतो की हवेला तो जसाच्या तसा पुढे नेता येत नाही. ती त्याला थोडा मोडते, आणि त्या मोडण्यातून मूळ बोलणं परत निघतं. म्हणजे स्पीकर छतावर नसतोच. तुझ्या कानासमोरची हवा हाच स्पीकर."

"आणि मी झुकले तर?"

"छतावरचे कॅमेरे तुझं डोकं ओळखतात. डोकं जिथे, झोत तिथे. इवाचा झोत तुझ्या कानापाशी आला की तो मुका होतो आणि तुझा चालू होतो. काय बोलायचं ते यंत्र ठरवतं. त्याला बायबल पाठ आहे, धर्मग्रामातल्या घराघरांच्या नोंदी पाठ आहेत, आपण भरलेला अर्ज पाठ आहे. तू बोललीस तर ते ऐकतं आणि पुढच्या रविवारी लक्षात ठेवतं."

"म्हणजे देवापेक्षा जास्त लक्षात ठेवतं," जसिंता म्हणाली.

"जसिंता, माशी," दुलसीननं केळ्याकडे बोट दाखवलं. तिला हा विषय आवडत नव्हता हे जसिंताच्या ध्यानात आलं. का आवडत नव्हता, ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात धर्मप्रांताच्या कॅथेड्रल मंडळाचं पत्रक आलं. 'उद्याचं कॅथेड्रल' या विषयावर वास्तुरचनाकारांकडून संकल्पना मागवल्या होत्या. बांधायचं काही नाही, फक्त कल्पना करायची. जसिंताही वास्तुरचनाकारच, पण इवा झाल्यापासून तिनं लोकांच्या गॅलऱ्यांना ग्रिल आणि स्वयंपाकघरांना ओटे यापलीकडे काही आखलं नव्हतं. तिनं टेबलावरची रंगीत खडूंची पेटी बाजूला सरकवली आणि तीन आठवडे, इवा शाळेत असेल तेवढ्या वेळात, आयुष्यातली सगळ्यात रागीट इमारत काढली.

वरून पाहिलं तर मधमाश्यांचं पोळं. चारशे भाविकांसाठी चारशे षट्कोनी खोल्या, आणि प्रत्येक खोलीला बाहेरून स्वतंत्र दार. रस्ते असे वळवलेले की येताजाताना दोन माणसं समोरासमोर येऊ नयेत. दाराला कडी फक्त आतून. भिंती इतक्या जाड की शेजारी फटाक्यांची माळ लावली तरी आत कळू नये. प्रत्येक खोलीत छोटी वेदी, आणि वेदीमागे चित्राऐवजी आरसा. मिस्सेत शेजाऱ्याचा हात धरून शांती देण्याची वेळ झाली की भिंतीतल्या फटीतून एक रबरी हात बाहेर यायचा, माणसाच्या अंगाइतका कोमट, आणि भाविकाचा हात हातात घेऊन दोनदा हलवायचा. पोळ्याच्या मधोमध, मोठी वेदी असते त्या जागी, कानगोष्टीच्या यंत्रांची थंडगार खोली. तिथे कायम दिवा, आणि आत जायला कुणालाच परवानगी नाही.

सोबतच्या टिपणात तिनं लिहिलं, 'आपण देव ब्लाउजसारखा मापात शिवून घेतला आहे. आता कुठे काचत नाही. ही इमारत त्या शिलाईची आहे.'

प्रदर्शन आंबोळ्याच्याच हॉलमध्ये होतं. जसिंता आपल्या प्रतिकृतीशेजारी उभी राहिली ती भांडणाची तयारी करून. कोणी म्हणेल पाखंड, कोणी म्हणेल उर्मटपणा. उत्तरं तिनं आंघोळ करताना पाठ केली होती.

पहिले आले पास्कूमामा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पोळ्यात बोट घातलं. "बाय, माझी खोली संडासाजवळची ठेव हां. आणि पंखा कुठाय?"

"मामा, ही खरी बांधायची नाहीये. ही टीका आहे."

"हां हां, टीका तर टीका. पण पंखा पाहिजे."

दुपारपर्यंत तिच्या टेबलासमोर रांग लागली. बायका खोल्यांवर आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या ठेवून गेल्या. कोणी म्हणालं, बरं झालं, शेजारणीचं तोंड बघायला नको. आणि मग फादर ज्योएल आले, रबरी हातापाशी थांबले आणि खाली वाकून तो बघत राहिले.

जसिंताच पुढे झाली. "फादर, त्यात तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता..."

"अपमान?" फादरांनी वर पाहिलं. डोळे ओले होते. "जसिंता, मी आजाऱ्यांना भेटायला जातो. काहींना महिनोन् महिने कोणी हात लावलेला नसतो. मी एकटा कुठेकुठे पुरा पडू? कानगोष्ट आली तेव्हा मलाही आवडली नव्हती. पण बाकं भरली, बघतेस ना तू? माझं प्रवचन चालू असताना लोक बाहेर जाऊन गप्पा मारायचे." ते ओशाळं हसले. "मंडळाला तुझी कल्पना फार आवडली आहे. चार खोल्या या हॉलमध्ये नमुन्याला उभारायच्या, महिनाभर लोकांना वापरू द्यायच्या. पसंत पडल्या तर नवं चर्च असंच होईल. तुझ्याच देखरेखीखाली."

घरी येऊन ती सावियोवर उखडली. "टिपण कोणी वाचलंच नाही का?"

"वाचलं असणार," सावियो म्हणाला. "तुझं टिपण शाबासकीसारखं वाचता येतं गं, जसू. 'कुठे काचत नाही.' लोकांना तेच तर हवंय!"

"मी मागे घेते. उद्याच फादरांना सांगते."

"नको."

हे दुलसीन म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला केळ्याचा चीक लागलेला.

"का हो आई?"

"मला ती खोली पाहिजे." दुलसीननं फडक्याला हात पुसले, परत पुसले. "बाकावर तो आठच मिनिटं बोलतो. खोलीत मोकळं बोलता येईल, असं फादर म्हणाले."

"तो कोण?"

"बस्त्याव."

सावियोच्या हातातला पेला टेबलावर टेकला. त्याचे वडील बस्त्याव जाऊन सहा वर्षं झाली होती. जसिंतानं त्यांना उणीपुरी दोन वर्षं पाहिलं. मोठ्या आवाजाचे, लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे, चहात साखर कमी पडली तर अख्ख्या आळीला ऐकवणारे.

"अर्जात विचारलं होतं, कुणाचा आवाज आवडेल," दुलसीन म्हणाली. "माझ्या फोनमध्ये त्याचे निरोप होते ना, बाजारातून काय आणू, कुठे आहेस, असे. ते दिले. तुम्ही हसाल म्हणून सांगितलं नाही."

कोणीही हसलं नाही. जसिंताची सगळी पाठ केलेली उत्तरं त्या क्षणी बिनकामाची झाली. तिनं सासूच्या हातातलं फडकं घेतलं, "बसा, मी चहा ठेवते" एवढंच म्हणाली, आणि साखर जरा जास्तच घातली. दुसऱ्या दिवशी फादरांकडे ती गेली, पण कामाला सुरुवात करू म्हणून सांगायला.

महिनाभरात मांडववाल्यांनी थर्माकोल आणि आवाज अडवणाऱ्या काचलोकरीच्या भिंतींच्या, प्लायवूडच्या दारांच्या चार खोल्या उभ्या केल्या, दोनाला दोन चिकटून. जसिंतानं मापं स्वतः तपासली. काम तिला हवं तितकं चोख झालं होतं.

दुलसीन रोज सकाळी बाजार आटोपून यायची आणि अर्धा तास आत बसायची. बाहेर येताना तिचा चेहरा मिस्सेहून आल्यासारखा निवलेला असायचा. इवाला सुट्टी लागली होती, त्यामुळे ती आईबरोबर हॉलमध्ये. "तू नाही जायचं आत," जसिंतानं तिला बजावलं होतं. "ते मोठ्यांसाठी आहे."

तिसऱ्या दिवशी ती मांडववाल्याशी दाराच्या बिजागरीवरून बोलत होती. पाठ वळवली तेवढ्यात मागे 'खट्' असं झालं. वळून बघते तर आजीशेजारच्या खोलीचं दार बंद आणि इवा नाही.

"इवा!" तिनं दारावर थाप मारली. "इवा, दार उघड!"

आत काहीच पोचत नव्हतं. पोचणार कसं? फटाक्यांची माळ पोचू नये अशी भिंत तिनंच काढली होती. बाहेरून कडी नव्हती. तीही तिनंच ठेवली नव्हती. कुणाचं दार कुणाला उघडता येऊ नये, हा तिच्या टीकेतला सगळ्यात बोचरा मुद्दा होता. जसिंतानं दारावर दोन्ही मुठी आपटल्या, खांदा लावला. मांडववाला पहार आणायला धावला. तिच्या डोक्यात काय काय आलं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना लहान मूल आहे त्यांना ते ठाऊक असतं.

अकरा मिनिटांनी दार आतूनच उघडलं. इवा बाहेर आली, हसतमुख, जरा पेंगुळलेली.

"किती हाका मारल्या मी! घाबरली नाहीस?"

"नाही." इवानं आईच्या लालबुंद चेहऱ्याकडे, सुजलेल्या हातांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली. "आत मम्मी होती ना."

"कोण मम्मी?"

"आतली. चर्चमध्ये पण असते. ती ओरडत नाही." इवानं विचार केला. "तिला कशाचीच भीती वाटत नाही. ती म्हणते, सगळं छान आहे."

जसिंताला तो दिवस आठवला. चर्चच्या ऑफिसात अर्ज भरायची रांग, कडेवर तापानं फणफणलेली इवा, आणि खिडकीतली मुलगी म्हणत होती, "मुलांसाठी विश्वासू व्यक्तीचा आवाज, आई चालेल ना? हा परिच्छेद वाचा." कधी नव्हे ते अर्ज न वाचता तिनं सही केली होती. मग आवाजाच्या नमुन्यासाठी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला होता, स्पष्ट, शांत आवाजात, लवकर सुटका व्हावी म्हणून. तेवढ्या दीड मिनिटाच्या शांतपणातून यंत्रानं एक आई घडवली होती. तिच्यापेक्षा बरी.

"आई, इवाला परत त्या खोलीजवळ न्यायचं नाही," तिनं दुलसीनला घरी सांगितलं. आवाज चढू नये म्हणून तिनं किती जपलं, आणि तरी तो चढलाच. दुलसीन केळी परतत राहिली.

कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून जसिंता एकटीच हॉलवर जाऊ लागली, तेही दुपारी. सकाळची इवा आजीबरोबर बाजाराला. घरी आल्यावर इवा शहाण्यासारखी वागायची. जरा जास्तच शहाण्यासारखी. जसिंता रात्रीचं जेवण भरवताना स्वतःचा आवाज ऐकायची, 'नीट चाव, घाई करू नको, पाणी मध्ये पिऊ नको,' आणि मनात त्या दुसरीशी ताडून बघायची. ती काय म्हणाली असती? ती म्हणाली असती, छान. असं चार दिवस चाललं. जसिंतानं मुद्दाम हळू बोलून पाहिलं. इवानं विचारलं, "मम्मी, तुला बरं नाही का?"

शनिवारी दुपारी ती इवाची वेणी घालत होती. भांगात तिला पांढरे बारीक ठिपके दिसले. एक, दोन, पाच. कानामागे तर पुंजकाच.

"सावियो! लिखा!"

सावियो फणी घेऊन धावत आला. वर्तमानपत्र पसरलं, इवाला उजेडात बसवलं, विंचरायला सुरुवात केली. ठिपके कागदावर पडले आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडून गेले.

"लिखा उडतात?" सावियोनं विचारलं.

जसिंतानं एक ठिपका चिमटीत धरला. दाबला. तो करकरला.

ती तशीच उठून अंगणात गेली. दुलसीन सुकेळ्यांच्या चटईपाशी बसली होती, पाठमोरी. तिच्या पिकल्या अंबाड्यावरही पांढरी भुकटी होती, आणि अंबाड्यातला लांब आकडा टोकाला वाकलेला.

"आई, हा थर्माकोल कुठला?"

दुलसीननं हात अंबाड्याकडे नेला, मग खाली आणला. "तुझ्या भिंतीचा," ती म्हणाली. "भोक पाडलं मी."

"तुम्ही इवाला घेऊन जात होता? बाजाराचं नाव सांगून?"

"बाजारातही जात होते. बोंबील कुठून येत होते मग?" दुलसीननं बाजूला सरकून चटईवर जागा केली. "बस. रागावायचं ते नंतर रागाव."

जसिंता बसली. चार बोटं दूर बसली, पण बसली.

"सुरुवातीला फार बरं वाटायचं गं. तो बोलायचा, दुलसीन, दमली असशील. दुलसीन, तू किती केलंस. चाळीस वर्षांत असं एकदा म्हणाला नव्हता." ती हसली. "मग मी म्हटलं, चल, आपण रोझरी करू. तुला ठाऊक आहे, मे महिन्यात क्रुसापुढे आपण कशी करतो. एकानं नमो मारिया अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. मी माझी अर्धी म्हटली आणि थांबले. तो गप्प. मी म्हटलं, अरे, उत्तर दे. तर माझ्याबरोबर पहिल्यापासून म्हणायला लागला. अख्खी!"

"पुस्तकात ती अख्खीच छापलेली असते, आई," दारातून सावियो म्हणाला. फणी अजून त्याच्या हातात होती. "यंत्र पुस्तकावरून शिकलं. कंपनीला कळवलं तर दुरुस्त करतील."

"फादरांनी कळवलं. दोन दिवसांत दुरुस्त झालं. उत्तर द्यायला लागला, अगदी वेळेवर." दुलसीननं एक केळं उचललं आणि परत ठेवलं. "बस्त्याव, आणि वेळेवर? माझी अर्धी संपायच्या आत त्याची अर्धी सुरू व्हायची. प्रसादाच्या चण्यांचा वास आला की आणखी घाई. पण ते सोड. दहा मणी झाल्यावर मी म्हटलं, आता पुढचे दहा तू घे. कुणासाठी देतोस? म्हणाला, तुझ्यासाठी, दुलसीन. बरं वाटलं. त्याच्या पुढचे? तुझ्यासाठी, दुलसीन. पाचही वेळा माझ्यासाठी."

ती जसिंताकडे वळली.

"माझा बस्त्याव पहिले दहा मणी केळीवरच्या रोगासाठी द्यायचा. दुसरे सिमावच्या म्हशीसाठी, ती आटली होती. तिसरे बँडमधल्या त्या दम्याच्या पोरासाठी. माझा नंबर पाचवा लागायचा. कितीदा लागायचाच नाही. तेव्हा मी चिडायचे. आणि एक दिवस त्या खोलीत मला अचानक गुदमरायला झालं, जसिंता. सगळं जग पुसलं आणि मी एकटी ठेवली, असं वाटलं. मग आकडा काढला आणि भिंत कोरायला लागले. तीन सकाळी लागल्या. भिंत चांगली केलीस हो तू."

जसिंताला हसू आलं आणि रडूही आलं. "आणि पलीकडे इवा."

"पलीकडे दुसरं कोण येणार? मी अर्धी म्हणते, ती उत्तर देते. चुकते, मध्येच शिंकते. मी विचारलं, तुझे दहा मणी कुणासाठी? म्हणाली, मम्मीसाठी, तिच्या हाताला लागलं ना दार वाजवून." दुलसीननं जसिंताचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. निळे डाग अजून गेले नव्हते. "तुला सांगू नको म्हणाली. 'ते माझं आहे' म्हणाली."

संध्याकाळी जसिंतानं नकाशा उघडला. खोल्या पुसाव्यात असं तिला वाटलं, पण पुसल्या नाहीत. फादरांचे आजारी लोक होते, शेजारणीचं तोंड बघायचं नसलेल्या बायका होत्या, आणि बस्त्याव होता. तिनं चारशे खोल्यांच्या प्रत्येक भिंतीत, गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एक भोक काढलं, करंगळीएवढं. मधल्या यंत्रांच्या खोलीच्या भिंती काढून टाकल्या आणि तिथे क्रूस उभा केला, बाजूला चणे शिजवायला चूल.

रविवारी मिस्सेनंतर फादर ज्योएल हॉलमध्ये तो नकाशा हातात धरून उभे होते. मंडळाची माणसं तासाभरात यायची होती.

"एवढी भोकं? आवाज मिसळेल, जसिंता. दुसऱ्याचं ऐकू येईल."

"हो."

"कानगोष्टीचा सगळा मुद्दाच..."

"फादर, उत्तर कुठून यायचं मग?"

फादरांनी कपाळ चोळलं. कोपऱ्यात पास्कूमामा खुर्चीवर बसले होते, ते म्हणाले, "भोक चालेल. वारा येईल." फादर खो खो हसत सुटले, नकाशा गुंडाळून त्यांनी काखेत मारला. "मंडळाला काय सांगू?"

"सांगा, टीका बदलली."

"ती टीका होती?" फादर म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, जरा जास्त वेळ. "वाचतो परत," असं म्हणून ते दाराकडे गेले.

दुलसीन खोलीबाहेरच्या बाकावर बसून अंबाडा सोडून पुन्हा बांधत होती. "जा तू आज," ती सुनेला म्हणाली. "मी उद्या जाईन. फोटोला हार घालायला जातो तशी जाईन अधूनमधून. बरा आहे तोही."

इवा शेजारच्या खोलीत आधीच शिरली होती. तिच्या दाराची कडी बाहेरून उघडते ना ते जसिंतानं दोनदा तपासलं, मग ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

आत निवांत होतं. आरशात तिचाच चेहरा, डोळ्यांखाली काळा. "जसिंता," साय धरलेला आवाज म्हणाला, "तू आलीस. शांत हो. मुलगी सुखरूप आहे." गुडघे टेकून तिनं भिंत चाचपली. भोक सापडलं, कडा खरखरीत, आकड्यानं कोरलेल्या. तिनं कान लावला.

आधी नुसता श्वास. मग पाय आपटल्याचा आवाज. मग अगदी जवळून, आजीला मारायची ती हाक, "मोठीआई?"

"नाही. मी आहे."

"खरी मम्मी? का आतली?"

"खरी."

"कशावरून?"

"काल तुझ्या डोक्यात लिखा कोण शोधत होतं?"

इवा खिदळली. तिचं हसणं भोकातून फुंकरीसारखं आलं आणि जसिंताच्या कानाला गुदगुल्या झाल्या. मग तिचा आवाज गंभीर झाला. "ही आतली म्हणते, काळजी करायचं काहीच नाही. तू करतेयस?"

जसिंता सवयीनं नाही म्हणणार होती. "हो," ती म्हणाली.

"कशाची?"

"त्या कडीची. भिंतीत काचलोकर आहे तिची, तुझ्या नाकात गेली तर. तू सकाळी दूध अर्धंच प्यायलीस त्याची. तुला ती आतली माझ्यापेक्षा जास्त आवडेल, त्याची."

पलीकडे काहीतरी घासलं. इवा भिंतीच्या अगदी जवळ सरकली असावी, कारण तिच्या केसांचा वास आता भोकातून येत होता, खोबरेलाचा आणि उन्हाचा.

"बरं, कर," इवा म्हणाली. "मी ऐकतेय."